बाकापासून उत्तरेस

साल होतं दोन हजार अकरा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन दोनच दिवस झाले होते. माहेरी आलेल्या लेकी अजून परतल्या नव्हत्या, निंबाला बांधलेले झोके कुणी सोडले नव्हते, आणि सुगंधाबाईच्या ओसरीवर वाटणीचा कागद लिहायला हिलाल गुरुजी येऊन बसले होते. पुढे जे झालं ते त्या दुपारी लिहिलेल्या एका शब्दापायी झालं. शब्द अगदी साधा, दोन अक्षरांचा. बाक.

गाव सावरखोरे, रावेरपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. घराच्या मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की केळीची बाग सुरू. सुगंधाबाई तेव्हा छप्पन्न वर्षांची. नवरा जीवराम जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा नाही, एकच मुलगी, ज्योत्स्ना, ती धुळ्याला दिलेली. शेत अजून एकत्रच होतं, धाकटा दीर पितांबर याच्याबरोबर. आता ज्याचं त्याला वेगळं करून टाकू, असं पितांबरच म्हणाला होता, आणि त्यात वावगं काही नव्हतं.

जीवराम फार बोलणारा माणूस नव्हता. पण जे बोलायचा त्यात ‘बाक’ हा शब्द दिवसातून दहादा यायचा. नवी नवरी होऊन सुगंधाबाई पहिल्यांदा बागेत आली, तेव्हा त्याने तिला एका घडाखाली उभं केलं होतं.

“हे पाह्य. केय निघते तव्हा सरळ असते, काडीसारखी. जशी भरत जाते, तसा तिले बाक येतो. बाक बसला की समजायचं, भरली.”

“अन् मानसाले?” तिने विचारलं होतं.

“मानसाचं उलटं. भरलेला मानूस सरळ असतो.” मग तिच्या तोंडाकडे बघून तो हसला. “नाकाचं सोडून. तुझ्या नाकाचा बाक मले पसंत हाये.”

गावात सगळेच असं बोलत. विळ्याचा बाक, म्हाताऱ्याच्या पाठीचा बाक, खाटेच्या गाताला आलेला बाक. आणि सगळ्यांत मोठा, नाल्याचा बाक. शेताच्या दक्षिणेच्या अंगाने नाला वाहत यायचा आणि एका ठिकाणी काहीतरी आठवल्यासारखा एकदम वळायचा. त्या जागेला सगळा गाव नुसतं ‘बाक’ म्हणायचा. मजूर बायांना सांगायचं असलं की “उद्या बाकावर या”, एवढंच. बसायचं जे असतं त्याला गावात बाकडं म्हणत. हॉटेलातलं बाकडं, एसटी स्टँडवरचं बाकडं. बाक म्हणजे बसायची वस्तू, असं गावात फक्त एका ठिकाणी बोललं जायचं, ते हिलाल गुरुजींच्या वर्गात.

गुरुजी धुळे जिल्ह्यातले, नरडाण्याकडचे. चोविसाव्या वर्षी सावरखोऱ्याच्या शाळेत आले आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले. आपली अहिराणी आपण नरडाण्याच्या स्टेशनावरच ठेवून आलो, असं ते अभिमानाने सांगत. शुद्ध बोलत, शुद्ध लिहीत आणि दुसऱ्याचं अशुद्ध पाहिलं की त्यांच्या जिवाची तगमग व्हायची. लग्नपत्रिकेत ‘आशिर्वाद’ दिसला, तर लग्नाला जाऊन जेवून येत, पण निघताना पत्रिका लाल शाईने दुरुस्त करून नवरदेवाच्या बापाच्या हातात देत. गावातला कुठलाही कागद त्यांच्याच हातचा. अक्षर असं की कागदावर मोती सांडल्यासारखं.

शेतात एक विहीर होती. ती जीवरामने आणि सुगंधाबाईने खोदलेली. ज्योत्स्नाच्या वेळचा सहावा महिना चालू असताना तिने डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. पितांबर त्या वर्षी जळगावला कॉलेजात होता. सुट्टीला आला की काठावर उभा राहून पाणी लागलं का ते विचारून जायचा.

विहिरीच्या पूर्वेला निंबाचं झाड. मजूर बाया उन्हात बांधावर बसून भाकरी खातात, हे जीवरामला कधी आवडलं नव्हतं. म्हणून त्याच्या वर्षश्राद्धाला सुगंधाबाईने सावद्याहून सिमेंटचं बाकडं आणवलं आणि निंबाखाली बसवलं. पाठीवर अक्षरं, ‘कै. जीवराम यांच्या स्मरणार्थ’. ती गुरुजींनीच काढून दिली होती.

तर आखाजीनंतरची ती दुपार. ओसरीवर सतरंजी, गुरुजींपुढे स्टँपपेपर, पितांबर भिंतीला टेकून बसलेला, दारात ज्योत्स्ना. साक्षीला दोघं, एक म्हातारा धनसिंग सालदार आणि दुसरा पितांबरचा भाचा हितेंद्र.

“सांगा अक्का,” गुरुजी म्हणाले.

“नाला जठी बाक घेतो ना, तठून सरळ वर, उत्तरेच्या बांधापर्यंत. रस्त्याकडलं पितांबरभाऊंचं, निंबाकडलं माझं. अन् येहेरीचं लिवा.”

“विहिरीचं वेगळं कशाला?” पितांबर म्हणाला. त्याचं बोलणं नेहमी असं, जिभेवर साय धरलेलं. “बाकापासून रेघ मारली तर येहेर तुझ्याच वाट्याले येते, वहिनी. आंधळ्यालेबी दिसते. वेगळं लिवलं त लोक म्हनतील, भावजयीचा दिरावर भरोसा नही. गुरुजी, वहिनी सांगते तसंच लिवा. तिच्या शब्दाबाहेर मी नही.”

गुरुजींनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. “शेताच्या दक्षिणेस नाला आहे. बाकापासून उत्तरेस सरळ बांधापर्यंतची रेषा ही हद्द समजावी. पूर्वेकडील भाग सुगंधाबाई यांचा, पश्चिमेकडील पितांबर यांचा.”

“‘नाल्याचा बाक’ असं नही लिवलं?” सुगंधाबाईने विचारलं. चार बुकं शिकलेली बाई, पण कान तिखट.

“अक्का, आदल्याच वाक्यात नाला येऊन गेला. एकदा आलेला शब्द लगेच पुन्हा कशाला? पुनरुक्ती हा दोष असतो.”

“लिहा ना गुरुजी,” दारातून ज्योत्स्ना म्हणाली. “एक शब्दच तर आहे.”

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. “ज्योत्स्ना, सातवीत तुझ्या निबंधाखाली मी काय लिहिलं होतं?”

ज्योत्स्ना दोन मुलांची आई झालेली, पण लाजली. “पाल्हाळ टाळावा.”

“मग?”

सगळे हसले. धनसिंगने अंगठा लावला, बाकीच्यांनी सह्या केल्या, सुगंधाबाईने आमरसाच्या वाट्या आणल्या. त्या दिवशी पितांबरच्या मनात पाप नव्हतं, असं ती आजही म्हणते. पाप नंतर आलं. पाणी आलं तेव्हा.

पाच वर्षं काही झालं नाही. बाकापासूनची रेघ सगळ्यांच्या डोळ्यांत होती; बांध घालायची गरजच कुणाला वाटली नाही. दोघांच्या बागा एकमेकींना लागून, घड एकमेकांच्या अंगावर झुकलेले.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात गावात नाला खोल करायचं काम निघालं. पितांबरचा मुलगा भूपेंद्र तेव्हा ग्रामपंचायतीत निवडून आलेला; तो दिवसभर जेसीबीमागे उभा असायचा. नाला वेडावाकडा आहे, पाणी अडतं, म्हणून तो खोल करता करता सरळ करायचं ठरलं. यंत्र आलं त्या सकाळी सुगंधाबाईने त्याच्यापुढे नारळ फोडला, दातांच्या त्या मोठ्या लोखंडी खोऱ्याला हळदकुंकू लावलं. आठ दिवसांत काम झालं. जिथे नाला वळायचा तिथे मातीचा भराव पडला आणि पाणी फुटपट्टीने आखल्यासारखं सरळ निघून गेलं. बाक गेला. कुणाला काही वाटलं नाही. तिलाही नाही. पावसाळ्यानंतर विहिरीला असं पाणी चढलं की वाकून तांब्या बुडवावा. तिने काठावर बसून जीवरामला मनातल्या मनात सांगितलंसुद्धा, बघा, तुमची येहेर कशी तुडुंब भरली.

पितांबरची बोअर त्याच वर्षी आटली.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर पितांबर ओसरीवर आला, चहा प्यायला, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि म्हणाला, “भूपेंद्र तारेचं कंपाउंड करतो म्हनतो. मोजनी करून घेऊ, वहिनी. तुझंबी काम व्हईल.”

मोजणीचा साहेब आला. तरुण मुलगा, डोक्याला रुमाल बांधलेला. त्याने वाटणीचा कागद वाचला आणि मान वर करून विचारलं, “यातला बाक कुठे आहे?”

सुगंधाबाईने नाल्याकडे हात केला. साहेबाने तिकडे पाहिलं. नाला सरळ. “तिकडे तर काही बाकबिक दिसत नाही, आजी.”

“आता नही दिसत. व्हता. तो भराव हाये ना...”

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत भूपेंद्र निंबाखाली गेला, जीवरामच्या नावाला पाठ टेकून ऐसपैस बसला आणि सिमेंटवर थाप मारून म्हणाला, “हा काय बाक!”

सुगंधाबाई हसली. तिला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. “ऊठ रे. मोठेबाबांच्या नावावर बसून मस्करी नको करू.”

“मस्करी कशाची, मोठीमाय? बाकच हाये ना हा? गुरुजींनी शिकवेल हाये आम्हाले. ‘भूपेंद्र, बाकावर उभा राहा!’ दोन-दोन तास उभा व्हतो मी. तुमच्या त्या नाल्यावर नव्हतो उभा.”

मजूर बाया हसल्या. बेबाबाई मात्र हसली नाही. तीस वर्षं ती सुगंधाबाईबरोबर निंदणी करत होती आणि हसण्यासारखं काय आणि रडण्यासारखं काय, हे तिला लवकर कळायचं.

सुगंधाबाईने मनातल्या मनात रेघ मारून पाहिली. बाकड्यापासून उत्तरेस सरळ. जुन्या बाकापासून हे सत्तर पावलं आत, पूर्वेकडे. आणि त्या सत्तर पावलांत विहीर. ती पितांबरकडे वळली.

“पितांबरभाऊ,” ती म्हणाली, “तुम्ही सांगा याले. कोनता बाक?”

पितांबरने पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडलं. “कागदात जे हाये ते हाये, वहिनी. मी काय सांगू? मी का शिकेल-सवरेल मानूस?”

कॉलेजात गेलेला घरातला तो एकटाच होता.

भावकी बसली, उठली. पुन्हा बसली. कुणी म्हणालं विहीर सामाईक ठेवा. भूपेंद्र म्हणाला, का ठेवू? मग प्रकरण तालुक्याच्या कोर्टात गेलं. साक्षीदारांपैकी धनसिंग मेलेला होता आणि हितेंद्र मामाच्या ताटात जेवणारा. त्या दुपारी खरं काय बोललं गेलं, हे बाहेरच्यांपैकी एकटे गुरुजीच सांगू शकत होते.

सुगंधाबाई त्यांच्या खोलीवर गेली. गुरुजी आता बहात्तरचे, एकटे, पुस्तकांच्या पसाऱ्यात बसलेले. तिचं ऐकून घेतल्यावर त्यांनी जाडजूड शब्दकोश काढला, बोट फिरवत आणलं आणि तिच्यापुढे धरला.

“हे पाहा. बाक, पुल्लिंगी नाम. पहिला अर्थ, वाक, वळण. दुसरा अर्थ, बसण्याचे आसन.”

“पैला म्हंजे आपला?”

“आपला. अक्का, काळजी करू नका. शब्द माझ्या हातचा आहे. मी उभा राहीन आणि सांगेन. मिनिटभराचं काम.”

ती घरी आली आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

आधी तिची साक्ष झाली. पितांबरचा वकील गोरा, गोलमटोल, बोलायला अगदी घरच्यासारखा. “बाई, घाबरू नका. बाक म्हणजे काय, एवढंच सांगा.”

ती घाबरली नव्हती. तिने हवेत हाताने वळण काढून दाखवलं. “बाक म्हंजे असं. केयीचा बाक असतो. इयाचा बाक असतो. या माझ्या नाकाचा बाक. तसा नाल्याचा बाक. बसतात त्याले बाकडं म्हनतात.”

कोर्टात लोक हसले, पण हसण्यात माया होती. वकीलही हसला.

“छान सांगितलंत. केळीचा बाक, विळ्याचा बाक, नाकाचा बाक. म्हणजे असा बाक म्हणताना तुम्ही लोक आधी ‘कशाचा’ ते सांगता. बरोबर?”

“हो.”

“आता हा कागद. इथे ‘कशाचा’ लिहिलंय का?”

तिने कागदाकडे पाहिलं. मोत्यासारखं अक्षर. ‘बाकापासून’. मागे काही नाही. “नही,” ती म्हणाली. “पन...”

“बस्स. धन्यवाद, बाई.”

जेवणाच्या सुट्टीत बेबाबाईने फडक्यातली भाकरी सोडली, पण सुगंधाबाईने ती तशीच परत बांधून ठेवली. “गुरुजी हायेत ना,” बेबाबाई म्हणाली. “कोशात पैला अर्थ आपला हाये. तूच तर सांगत व्हती.”

दुपारी गुरुजी उभे राहिले. धुतलेलं पांढरं धोतर, काळा कोट, खिशाला पेन. सुगंधाबाईच्या वकिलाने विचारलं तसं त्यांनी शब्दाचा मूळ अर्थ सांगितला, मग त्या मुळाचंही मूळ सांगायला लागले, तेव्हा न्यायाधीश म्हणाले, “गुरुजी, थोडक्यात.” गुरुजींच्या तोंडाचा रंग जरा उतरला. पाल्हाळ टाळा, असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग पितांबरचा वकील उठला. आधी वाकून नमस्कार केला. “गुरुजी, मीही मास्तराचाच मुलगा. गावात किती कागद लिहिलेत आपण?”

“दोनशे तरी असतील.”

“कधी खाडाखोड?”

“नाही.”

“कधी असं झालं का, की आपल्या एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघाले?”

गुरुजी ताठ झाले. “माझ्या वाक्याचा अर्थ एकच निघतो.”

मागे बसलेली सुगंधाबाई पुढे सरकली. तिला विळा गवतात शिरताना दिसावा तसा वकिलाचा डाव दिसला.

“एकच,” वकील म्हणाला. “मग हे वाक्य वाचा बरं.”

गुरुजींनी वाचलं. आवाज वर्गातला, खणखणीत. बाकापासून उत्तरेस.

“यात बाकाला नाला जोडलेला नाही. जोडायचा राहून गेला का? तसं असेल तर मोकळेपणाने सांगा. वय झालं, माणसाचं होतं असं. कोर्ट लिहून घेईल, ‘लेखकाने वाक्य सदोष लिहिले.’ एवढंच लिहायचं आहे. लिहू?”

कारकुनाने पेन उचललं. गुरुजी त्या पेनाकडे बघत राहिले. चौतीस वर्षं लाल शाईने दुसऱ्यांच्या वाक्यांवर फुल्या मारलेला माणूस. एक ‘हो’ म्हटलं की विहीर सुगंधाबाईची. एवढंच म्हणायचं होतं, हो, माझं चुकलं.

“वाक्य सदोष नाही,” गुरुजी म्हणाले. “वाक्य शुद्ध आहे.”

“मग जसं आहे तसंच वाचायचं?”

“जसं आहे तसं.”

“शेवटचं विचारतो. आपल्या वर्गात मुलं कशावर बसायची?”

गुरुजींना तेव्हा कळलं. पण आता मागचं वाक्य खोडता येत नव्हतं. ते म्हणाले, “बाकावर.”

“धन्यवाद, गुरुजी. आपल्यासारखे शिक्षक आता राहिले नाहीत.”

तिच्या वकिलाने पुन्हा उठून विचारायचा प्रयत्न केला, लिहिताना मनात काय होतं? गुरुजी म्हणाले, “मनात काय होतं ते... जे लिहिलं तेच होतं.” आणि कठड्यातून खाली उतरले.

बाहेर कोर्टाच्या आवारात सुगंधाबाई आणि बेबाबाई एसटीसाठी निघाल्या, तर गुरुजी मागून धापा टाकत आले. 

“अक्का,” ते म्हणाले, “मना तोंडमा शब्दच उना नही. काय करू, मना नाइलाज शे...”

जवळजवळ पन्नास वर्षांत त्यांच्या तोंडून अहिराणी कुणी ऐकली नव्हती.  बेबाबाईला राहवलं नाही.

“आता सापडली व्हय तुमची बोली? घंटाभर आधी सापडती, त येहेर वाचती!”

“बेबे, गप,” सुगंधाबाई म्हणाली. मग गुरुजींकडे वळून तिने अगदी शांतपणे विचारलं, “गुरुजी, पोरगं चुकलं अन् कबूल नही झालं, त तुम्ही त्याले कुठी उभं करायचे?”

गुरुजी धोतर सावरत मागे फिरले. तो शब्द त्यांना आता बोलवत नव्हता.

निकाल दोन हजार एकोणीसमध्ये लागला. नाला ज्या ठिकाणी वळत होता असं वादी म्हणते, तिथे आज वळण नाही. कागदात नुसता ‘बाक’ आहे, कशाचा ते लिहिलेलं नाही. शेतात बाक एकच आहे आणि तो कागद लिहिण्याआधीपासून तिथे आहे. इतकी वर्षं भावजय विहीर वापरत होती, ती दिराच्या सौजन्याने. हद्द बाकापासून.

निकालानंतर चार दिवसांनी ती ट्रॅक्टर घेऊन शेतात गेली. बाकडं उचलून घरी आणायचं होतं तिला. अंगणात ठेवीन म्हणाली, विहीर गेली तर गेली, नाव तरी घरी राहील. पितांबर तारेचे खांब रोवून घेत होता. तो जवळ आला.

“वहिनी, ते हलवता नही यायचं. निकालात त्याच्यापासून हद्द धरेल हाये. हललं त पुन्हा भांडन.”

“माझ्या नवऱ्याचं नाव हाये त्याच्यावर.”

“माझाबी भाऊ व्हता ना तो,” पितांबर म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच भरून आले. तेच तिला सहन झालं नाही. ती ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, “वळव.”

अपील कर, असं ज्योत्स्नाने सांगितलं. सुगंधाबाई म्हणाली, “कोनाजवळ करू? कोशाजवळ?” आणि विषय संपवला.

त्या वर्षी तिची कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, वाळली. घड निघाले, पण भरले नाहीत. बारीक, कडा असलेली, सरळ केळी. काडीसारखी. तिने ती विकली नाहीत, गुरांना घातली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली.

देव बघून घेईल, असं गावातल्या बाया सुगंधाबाईला म्हणायच्या. देवाने काही बघितलं नाही. पितांबरचं काहीही वाकडं झालं नाही. तो सत्तरीकडे निघाला आहे, दात शाबूत आहेत, एकादशीला कीर्तनात पुढे बसतो. भूपेंद्र सरपंच झाला. त्याची केळी आता खोक्यांत बंद होऊन परदेशी जातात; पॅकिंगवाले फणी उचलून बाक बघतात, आणि भूपेंद्रच्या केळीसारखा बाक दुसऱ्या कुणाच्या केळीला नाही, असं म्हणतात. तेवढं पाणी त्या विहिरीला आहे. दर दिवाळीला तो हद्दीची खूण म्हणून बाकड्याला चुना मारतो. दोन-तीन थरांनंतर अक्षरं बुजली. आता तिथे कुणाच्या स्मरणार्थ काही नाही.

बेबाबाईचे गुडघे गेले. मुलाने तिला चाळीसगावला नेलं. मधूनमधून ती फोन करते आणि सगळ्यांत आधी पितांबर मेला का ते विचारते.

ज्योत्स्ना धुळ्याला शाळेत मराठी शिकवते. मुलांच्या निबंधाखाली ती काहीही लिहिते, पण ‘पाल्हाळ टाळावा’ लिहीत नाही.

हिलाल गुरुजींनी साक्षीनंतर गावात कुणाचा कागद लिहिला नाही. सहा महिन्यांत खोली सोडली आणि नरडाण्याकडे आपल्या गावी निघून गेले. तिथेच वारले, दोन हजार बावीसमध्ये. त्याच्या महिनाभर आधी सुगंधाबाईला त्यांचं पाकीट आलं होतं. आत एकच कागद आणि कागदावर एकच वाक्य, ‘नाल्याच्या बाकापासून उत्तरेस सरळ बांधापर्यंतची रेषा ही हद्द समजावी.’ अक्षर थरथरलेलं, तरी सुंदर. ‘नाल्याच्या’ हा शब्द लाल शाईने. खाली सही, पत्र नाही, क्षमा नाही.

सुट्टीला आलेल्या नातीने, डिंपलने, तो कागद मोठ्याने वाचला. उलटून पाहिला.

“आजी, हे काय आहे? यात चूक काय आहे?”

“आता काही नही,” सुगंधाबाई म्हणाली.

कागद तिने फाडला नाही आणि देवातही ठेवला नाही. धान्याच्या कोठीवरच्या डब्यात टाकला, जुन्या पावत्यांबरोबर. ती आता एकाहत्तरची आहे. शेतात पावसावर येईल तेवढा कापूस लावते. पाठीला बाक आला आहे. कोर्टातल्या त्या दुपारनंतर ती हा शब्द मात्र उच्चारत नाही. डॉक्टरने विचारलं तर म्हणते, पाठ जरा वळली.

आणि सावरखोऱ्यातली लहान मुलं आता बसायच्या वस्तूलाच बाक म्हणतात. बाकडं म्हटलं तर हसतात.